मच्छरदाणीतले त्रेसष्ट कांदे

गुरुवार, एकोणीस फेब्रुवारी. सकाळी नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी इंदुताई दुर्गे आपल्या वावरात, एकमेकींना शिवलेल्या दोन मच्छरदाण्यांच्या आत उकिडव्या बसून मेलेल्या माश्या वेचत होत्या. डाव्या हातात स्टीलची वाटी होती. वेचलेली माशी त्या वाटीत टाकत आणि आकडा तोंडाने म्हणत. एक्केचाळीसवर मोजणी थांबली. आदल्या दिवशी त्यांनीच सुकटीचा तुकडा ठेवून पन्नासेक माश्या आत घेतल्या होत्या. तेव्हा त्या धडधाकट होत्या.

माश्यांशिवाय मच्छरदाणीत त्रेसष्ट कांदे होते. सोळा-सोळाच्या चार ओळी, शेवटच्या ओळीत एक कमी. मध्ये बसायला चिंचोळी सरी. एकेका कांद्यातून कमरेएवढे तीन-चार पोकळ दांडे वर आलेले आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला बारीक पांढऱ्या फुलांचा पेरूएवढा गेंद. असे एकशे नव्वद गेंद. हा आकडाही इंदुताईंना पाठ होता.

बांधावरून आवाज आला. "काय वं इंदुबाई, लोकं रिकामे बसले का माशा मारते. तू तं खरंच मारून राह्यली."

बोलणारे लटारू भोयर. शेजारचे वावर त्यांचे. वय साठ, इंदुताईंपेक्षा दोन वर्षांनी मोठे.

"मी कायले मारू? आपल्या आपल्यानं मरून राह्यल्या."

"कांद्याचा वास सहन झाला नसंन त्याईले."

"तुमच्या वावरात अर्धा एकर कांदाच हाय, भाऊ. तिथल्या काऊन नाई मरत?"

लटारूंनी कमरेची चंची काढली. ते तंबाखू मळत उभे राहिले. माश्या मरण्याची ही तिसरी खेप होती. पहिल्या वेळी इंदुताईंनी ऊन जास्त झाले असे मानले. दुसऱ्या वेळी माश्यांच्या सोयीसाठी बशीत गूळपाणी ठेवले. आता मानायला काही शिल्लक नव्हते, आणि फुले उमलू लागून नऊ दिवस झाले होते.

बोरटोला हे चामोर्शी तालुक्यातले तळ्याकाठचे गाव. धान निघाला की तळ्याच्या पाण्यावर लोक भाजीपाला करतात. इथला पांढरा कांदा आकाराने चपटा, चवीला गोडसर. उन्हाळ्यात भाकरीसोबत कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. त्याला गावात इंदुताईचा कांदा म्हणतात. त्याआधी सीताबाईचा कांदा म्हणत. सीताबाई म्हणजे इंदुताईंची सासू. तिला तो कुठून मिळाला हे तिने सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही. ऑक्टोबरात ज्याला हवे त्याने बी न्यायचे आणि कांदे निघाले की एक जुडी दुर्ग्यांच्या पडवीत आणून टांगायची, एवढाच रिवाज. बावीस घरे असे बी नेतात. स्वतः बी कोणी धरत नाही, कारण इंदुताई धरतात.

बी धरणे हे दोन वर्षांचे काम आहे. पहिल्या वर्षी बियापासून कांदा. तो पावसाळाभर जपायचा, दिवाळीनंतर पुन्हा मातीत लावायचा, तेव्हा कुठे त्याला फूल येते आणि फुलातून बी. आणि हे बी साठवून चालत नाही. एका पावसाळ्यापुरते ते जगते, दुसऱ्या वर्षी पेरले तर उगवत नाही.

गेल्या पावसाळ्यात पडवीतले कांदे सडले. पाच-सहाशे कांद्यांतून त्रेसष्ट वाचले. ते इंदुताईंनी नोव्हेंबरात लावले. यंदा बी थोडे होते, म्हणून ते वाटण्याऐवजी त्यांनी शेजारीच पूर्ण गावासाठी रोप टाकले होते. डिसेंबरच्या एका पहाटे रानडुकरांचा कळप आला आणि त्याने रोपाचे वाफे नांगरल्यासारखे उलथून टाकले. त्रेसष्ट कांद्यांकडे डुकरे फिरकली नाहीत. त्यामुळे यंदा गावात कोणाच्याही वावरात पांढरा कांदा नाही, आणि जे काही आहे ते या चार ओळींत आहे.

याच हंगामात लटारूंनी एका बियाणे कंपनीसाठी अर्धा एकर लाल कांदा बियाला धरला. त्यात वावगे काही नव्हते. पण दहा फेब्रुवारीला कंपनीचा सुपरवायझर अश्विन पाहणीला आला आणि बांधावरून त्याला इंदुताईंचे पांढरे गेंद दिसले. लटारूंचा प्लॉट त्यांच्या वावराच्या पलीकडच्या टोकाला होता. अश्विनने मोबाइलवर अंतर मोजले.

"ताई, एक किलोमीटरच्या आत दुसरा कांदा फुलता कामा नये. मधमाशी इकडचे पराग तिकडे नेते. तुमचा कांदा तीनशे ऐंशी मीटरवर आहे."

"माहा कांदा सासूच्या काळापासून इथीच हाय," इंदुताई म्हणाल्या. "तुमचाच तीनशे ऐंशी मीटरवर आला."

अश्विनने नियम पुन्हा सांगितला. लाल-पांढरा संकर झाला तर कंपनी लटारूंचा प्लॉट नापास करेल. इंदुताईंच्या बियाचेही तेच होईल. पुढच्या वर्षी पांढऱ्याऐवजी लाल, गुलाबी, काय निघेल ते निघेल. दोनच मार्ग आहेत. फुले कापायची, नाहीतर माशी आत जाणार नाही असे झाकायचे.

लटारूंनी तिसरा मार्ग सुचवला. "लसून लाव ना इंदुबाई. लसनाले ना बी, ना माशी, ना सुपरवायझर. पाकळी खोसली का झालं."

"लसून हाय माह्याकडे."

"मंग?"

"भाकरीसंग कांदा लागते, भाऊ. कापत नाई मी."

घरी आल्यावर त्यांनी पेटी उघडली. हिवताप विभागाने दिलेल्या चार मच्छरदाण्या होत्या. एक इंदुताई आणि त्यांचे पती रामाजी वापरत. एक मुलगा राजदीप घेऊन गेला होता. तो सूरजागडकडे ट्रक चालवतो. दोन कोऱ्या होत्या. गावात या मच्छरदाण्यांचे नाना उपयोग आहेत. कोणी कोंबड्यांच्या खुराड्याला बांधतो, कोणी तळ्यात मासे धरतो, एका लग्नात तर नवरदेवाच्या बसायच्या जागेवर छत म्हणून लावली होती. कांद्याला लावायला हरकत घेण्यासारखे काही नव्हते. बांबूच्या आठ खुंट्या ठोकून, खालची कड मातीत दाबून, बारा तारखेला कांदे मच्छरदाणीत गेले.

मग लक्षात आले की माशी आत गेली नाही तर बीही धरणार नाही. म्हणून घरमाश्या. मधमाशी पकडता येत नाही, घरमाशी पकडावी लागत नाही. सुकट ठेवली, कड उचलली, माश्या आल्या, कड दाबली. युक्ती चोख होती. फक्त माश्या दुसऱ्या सकाळपर्यंत टिकत नव्हत्या.

एकोणीस तारखेला लटारू तंबाखू मळत असतानाच आशा कार्यकर्ती रंजीता गेडाम हातात फाइल घेऊन बांधावरून आली. मच्छरदाण्यांची पाहणी चालू होती. रामाजींनी तिला घरी एकच दाखवली होती आणि बाकीचे वावरात विचारायला सांगितले होते.

रंजीताने आधी कांदे पाहिले, मग इंदुताईंना पाहिले. मग तिने फाइल उघडली, कारण प्रश्न छापलेले होते आणि ते क्रमाने विचारायचे होते.

"काकू, काल रात्री ह्या मच्छरदाणीत कोन झोपलं?"

"कांदे."

रंजीताने पेनाने वाटीकडे दाखवले. "आन् ह्या वाटीत काय हाय?"

"माशा. मेलेल्या. मीच आत सोडल्या, फुलावर फिरा म्हनून. मरून जाते, काऊन मरते समजत नाई."

"अवो काकू, औषधाची मच्छरदाणी हाय ते! जाळीतच औषध हाय. त्याच्यावर जे बसंन ते मरते. त्याच्यासाठीच तं देते सरकार."



"माह्या घरी तं डास मरत नाई," लटारू म्हणाले.

"तुमच्या घरी मच्छरदाणी कोंबड्यावर हाय, मामा."

"मंग कोंबड्याले काऊन काही होत नाई?"

"कोंबडी डास हाय का?"

इंदुताईंनी वाटी खाली ठेवली. पाकिटावर हे सगळे लिहिलेले होते, चित्रासकट. पाकीट स्वयंपाकघरात होते. त्यात लाल मिरच्या ठेवल्या होत्या. ते कळल्यावर रंजीताने आधी मिरच्या फेकायला लावल्या, मग हात साबणाने धुवायला लावले, आणि जाळीला सारखा हात लावायचा नाही असे बजावले. नियमाप्रमाणे मच्छरदाण्या अंथरुणावर परत लावायला सांगणे तिचे काम होते. तेही तिने सांगितले.

"वीस दिवस थांब," इंदुताई म्हणाल्या. "तुही मायबी माह्याचकडून बी नेते."

रंजीताने रकाना पाहिला. मच्छरदाणी वापरात आहे का? तिने 'होय' लिहिले. पुढचा रकाना झोपणाऱ्यांच्या संख्येचा होता.

"त्रेसष्ट लिहू का?"

"लिही ना. खोटं थोडीच हाय."

तिने शून्य लिहिले आणि पुढच्या घरी गेली.

आता प्रश्न सोपा झाला होता. जाळीत माशी जगणार नाही, म्हणजे माशीचे काम माणसाने करायचे. वीस फेब्रुवारीला सकाळी रामाजी दाढी करायला बसले तेव्हा ब्रश जागेवर नव्हता. तो मच्छरदाणीत होता. एका गेंदावर फिरवायचा, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. दोन दिवसांत इंदुताईंना काही गोष्टी कळल्या. कांद्याच्या फुलाची पावडर आधी झडते आणि त्याच फुलाचे टोक नंतर तयार होते, त्यामुळे एका गेंदाचे दुसऱ्याला लावावे लागते. एका गेंदात काही शे फुले असतात आणि ती एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलतात, म्हणून रोज जावे लागते. आणि साडेनऊच्या आधी गेले तर दव असते, पावडर ब्रशला चिकटून गोळा होते. अकरानंतर आत बसवत नाही. म्हणून वेळ साडेनऊ ते अकरा.

"किती दिवस?" रामाजींनी विचारले.

"फुलं सरेपर्यंत."

रामाजींनी दाढी वाढवली. गावात दोघा-तिघांनी तब्येत विचारली.

एक मार्चला, रविवारी, अकरा वाजता अश्विन दुसऱ्या पाहणीला आला. लटारूंचा प्लॉट पाहून तो इकडे आला, मच्छरदाणीभोवती एक फेरी मारली आणि पूर्वेच्या बाजूला वाकला. जमिनीवर काहीतरी वेचून त्याने तळहातावर घेतले. सतरा मेलेल्या मधमाश्या होत्या.

कारण दिसतच होते. फुलांच्या भाराने बाहेरच्या दोन ओळींतले दांडे झुकले होते आणि गेंद जाळीला टेकले होते. मधमाशी बाहेरून जाळीवर बसे, छिद्रातून फुलापर्यंत पोचे आणि मरे.

"ताई, दोन अडचणी आहेत," अश्विन म्हणाला. "एक, टेकलेल्या गेंदांवर लाल कांद्याचे पराग पोचले असतील. दोन, या माश्या भाऊंच्या प्लॉटवर काम करतात. त्या मेल्या तर तिकडे बी धरत नाही."

लटारूंना पहिली अडचण समजली नाही. दुसरी लगेच समजली.

"इंदुबाई! आतापर्यंत घरच्या माशा मारत होती, मी काही म्हनलो नाई. आता माह्या माशा मारून राह्यली?"

"तुमच्या हायत का त्या? पाळल्या का तुम्ही?"

"माह्या वावरात येते तं माह्याच ना!"

"माह्या वावरात येऊन मेल्या. मंग कोनाच्या?"

अश्विनने दोघांनाही थांबवले. जाळी काढावी लागेल. उद्या सकाळी मधमाशी निघायच्या आत, म्हणजे नऊच्या आत, एकतर दुसरे झाकण पाहिजे, नाहीतर फुले कापलेली पाहिजेत. दोन्ही झाले नाही तर प्लॉट नापास असे त्याला लिहावे लागेल. हे तो लटारूंकडे पाहून बोलला. लटारूंनी इंदुताईंकडे पाहिले. 

इंदुताईंनी घरून विळा आणला. जाळीला टेकलेला एकेक गेंद अश्विनला दाखवून त्यांनी कापला. एकतीस भरले. एकशे नव्वदातून एकशे एकोणसाठ उरले. कापलेल्यांचा ढीग बांधाजवळ पडला.

"भजे होते याचे," लटारू हळूच म्हणाले.

"जाळीचं औषध लागलं हाय. खा."

लटारूंनी स्वतः खड्डा खणून ते पुरले.

पाच वाजता विहारात रविवारची वंदना होती. बोरटोल्याच्या विहारात महिला मंडळाच्या बायका पांढऱ्या सुती साड्या नेसून येतात. इंदुताईही नेसून गेल्या. त्रिसरण, पंचशील, सगळे नेहमीप्रमाणे झाले. शेवटी सूचना असतात. त्या दिवशी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची सूचना होती. ती झाल्यावर इंदुताई उभ्या राहिल्या. वंदनेत अर्धा वेळ त्यांनी समोरच्या रांगेतल्या पाठी पाहिल्या होत्या, आणि कापड विरळ आहे, हवा खेळते, उजेड जातो, माशी जात नाही, इतके ठरवून झाले होते.

"मले साड्या पाहिजे," त्या म्हणाल्या. "ह्याच. सहा. सातवी माही हाय."

"कायले?" मंडळाच्या अध्यक्ष ज्योत्स्ना रामटेके यांनी विचारले.

"कांद्यासाठी."

ज्योत्स्नाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांना पूर्ण माहिती लागते. इंदुताईंनी पूर्ण माहिती दिली. घरमाश्या, ब्रश, मधमाश्या, विळा.

"म्हणजे माही साडी तू कांद्याले नेसवशीन?"

"नेसवत नाई, बांधतो. बांबूले."

"आन् चौदा एप्रिलले आम्ही काय नेसायचं? मच्छरदाणी?"

बायका हसल्या. मागून एक म्हातारी म्हणाली, "तिचं बी गेलं तं ऑक्टोबरात कोनाच्या दारी जाशीन, ज्योत्स्ना? मॅडम हाय म्हनून कोनी कांदे देनार नाई तुले."

ज्योत्स्नाताईंनी अटी सांगितल्या. साड्या दहा एप्रिलच्या आत परत. धुऊन. इस्त्री करून. कांद्याचा वास आला तर परत धुऊन. इंदुताईंनी सगळ्या मान्य केल्या. घरी जाऊन साड्या बदलून आणायला बायकांना वीस मिनिटे लागली. सहापैकी एक साडी गुडघ्याजवळ फाटलेली होती. ती देणारीने आधीच सांगितले.

दोन मार्चला सकाळी सहा वाजता लटारू बांबू घेऊन वावरात हजर होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते. नव्या खुंट्या त्यांनी जुन्यांपेक्षा वीतभर बाहेर ठोकल्या, म्हणजे गेंद कापडाला टेकणार नाहीत. झुकलेल्या दांड्यांना इंदुताईंनी काड्यांचा आधार दिला. चार साड्या भोवती, तीन वर. फाटलेली वर, फाटक्या जागेला रामाजींच्या धोतराचे ठिगळ. पावणेनऊला काम संपले. मच्छरदाण्या रंजीताकडे पोचल्या. तिने त्या धुऊन वाळवायला सांगून परत पाठवल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात सांगण्यासारखे काही घडले नाही. इंदुताई साडेनऊला आत जात, अकराला बाहेर येत. लटारू दिवसातून दोनदा साड्यांभोवती फेरी मारून जमीन पाहत. मेलेली मधमाशी सापडली नाही. तेही त्यांना काळजीचे वाटे.

"मरत नाई तं मंग येतच नसंन," ते म्हणाले.

"तुमच्या लाल कांद्यावर बसल्या हायत. तिकडं पाहा."

लटारूंनी जाऊन पाहिले. बसल्या होत्या.

सोमवारी, नऊ मार्चला, अश्विन तिसऱ्या पाहणीला आला. त्याने साड्यांचे जोड पाहिले, खालची कड मातीत दाबलेली आहे का पाहिले, एका जागी बोट घालायचा प्रयत्न केला. मग मोबाइलवर लटारूंच्या नावापुढे लिहिले: शेजारील फुलोरा सुती कापडाने पूर्ण झाकलेला, प्लॉट ग्राह्य. त्याने ते वाचून दाखवले. लटारूंनी दोनदा वाचायला लावले.

इंदुताईंनी आतून एक गेंद कापडाच्या फटीतून बाहेर काढून दाखवला. दांडा तोडलेला नव्हता, नुसता वाकवला होता. आधी उमललेल्या फुलांच्या जागी ज्वारीएवढ्या हिरव्या बोंडल्या फुगल्या होत्या. त्यांनी त्यातली एक नखाने फोडली. आत बी धरले होते, अजून पांढरे, ओले.

"मंग आता पांढराच येईन ना?" त्यांनी विचारले.

"बी काळंच होतं, ताई. लाल कांद्याचंही आणि पांढऱ्याचंही."

"कांदा म्हनतो मी. कांदा."

"ते या बियाचे कांदे निघतील तेव्हा. पुढच्या मार्चमध्ये."

इंदुताईंनी दांडा आत घेतला आणि साडी खाली सोडली. दीड महिन्याखाली हेच कोणी विचारले असते तर त्यांनी पांढराच येईल असे सांगितले असते. आता त्या पुढच्या मार्चपर्यंत थांबणार होत्या. रामाजींची दाढी आता बोटभर झाली आहे. ब्रश त्यांनी परत मागितलेला नाही.

उद्या मंगळवार, दहा मार्च. एकशे एकोणसाठपैकी छप्पन्न गेंदांत अजून उमलणारी फुले आहेत. इंदुताई साडेनऊला उत्तरेकडची, निळ्या काठाची साडी उचलून आत जातील. ती साडी ज्योत्स्नाताईंची आहे.